चालू होत नाही म्हणजे काय होत नाही?

आमच्या बेळगावजवळच्या खानापुरात कॉम्प्युटर तीन भाषांत बंद पडतो. गर्लगुंजीकडचा माणूस येऊन सांगतो, "चालूच होईना झालाय बघा." इटगी-पारिश्वाडकडचा दारातूनच म्हणतो, "ऑन आगवल्दु री." आणि बाजारपेठेतला भाई पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणतो, "कल तक चल रा था, आज चालूच नै हो रा." तिन्ही वाक्यांत काळजी पुरेपूर, माहिती मात्र चिमूटभरही नाही. डॉक्टरसमोर बसून "बरं वाटत नाही" एवढंच म्हणावं, तसं.

मी काही रिपेरीवाला नाही. माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि कचेरीतून आणलेला उतारा वाचून दाखवणं. ह्या शेवटच्या कामाचे मी पैसे घेत नाही. साधारण २००० सालाच्या सुमारास कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली जवळपास दोन कोटी उतारे कॉम्प्युटरवर चढले. हाती लिहिलेले कागद गेले, तलाठ्याच्या दारातले हेलपाटे कमी झाले, आणि ते चांगलंच झालं. पण छापून येतो तो उतारा कन्नडमध्ये, आणि आमच्या बाजूची म्हातारी माणसं मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. मग कागद माझ्या काउंटरवर ठेवून विचारतात, "माझं नाव खट्टं हाय बघ की ह्यात." मी बोट ठेवून दाखवतो. रान स्वतःचं, नाव स्वतःचं, आणि वाचायला माणूस शेजारचा. असो. सांगायचं होतं ते माझ्या डेस्कटॉपबद्दल.

हा डेस्कटॉप मी २००९ साली घेतला. आता त्याच्याकडं बघून पुण्यातला मुलगा दर दिवाळीला एकच सांगतो, "बाबा, भंगारात द्या." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. नवीन मशीन आहेच की दुकानात, त्यावरच रोजचं काम चालतं. पण ह्या जुन्याच्या पाठीमागं, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात, काडेपेटीएवढं एक लॉक खोचलेलं आहे. जुन्या मराठी लिपीच्या सॉफ्टवेअरचं ते लॉक. ते असेल तरच अक्षर उठतं. माझं गेल्या पंधरा-सोळा वर्षांतलं सगळं काम त्या जुन्या फॉन्टांत पडलेलं आहे. युनिकोडच्या आधीच्या ह्या फॉन्टांची गंमत अशी, की आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची घरं आणि त्या घरांवर रंगवलेलं असतं मराठी. 'श्री गणेशाय नमः' लिहिलेली फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली, की पडद्यावर उलटेसुलटे इंग्रजी कंस आणि स्वल्पविराम येतात. कुणीतरी शिव्या घातल्यासारखं दिसतं. कन्नडच्या जुन्या 'नुडी' फॉन्टांचीही तीच तऱ्हा. आणि आमच्याकडं पत्रिका म्हणजे दोन्ही एकाच कागदावर. वराकडची बाजू मराठीत, वधूकडची कन्नडमध्ये, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ दोन्हीकडच्या पोराटोरांच्या नावानं दोनदा. ह्या दोन्ही लिप्या एकाच वेळी ओळखणारं माझ्याकडं एकच मशीन आहे. म्हणून तो अजून कोपऱ्यात आहे.

यंदा आषाढात जांबोटीच्या रस्त्याला झाड पडलं, तारा तुटल्या, आणि आमच्या बाजूला तीन दिवस वीज नव्हती. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलेला नाही त्याला ह्यात विशेष वाटेल. मलप्रभा तिथंच उगम पावते आणि आषाढात ती आम्हाला तसं रोज सांगते. दुकानाचं छप्पर खानापुरी कौलांचं, भिंतीला बुरशीचा नकाशा, कागद मऊ पडलेले, प्रिंटरमध्ये दोन-दोन पानं एकदम जाणारी. चौथ्या दिवशी वीज आली. त्याच दुपारी गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं आली. पावती पुस्तकं हवीत, गेल्या वर्षीचीच, फक्त साल आणि अध्यक्ष बदलायचा. ती फाइल कुठं असणार? जुन्यातच.

बटण दाबलं. पंखा पाव गिरकी फिरला आणि थांबला. परत दाबलं, परत पाव गिरकी. कूस बदलून परत झोपणाऱ्या माणसासारखं.

अशा वेळी माणूस जे जे करतो ते ते मी केलं. आधी पाठीवर थाप मारली. मग वायर काढून परत घट्ट खोचली. मग दुसऱ्या सॉकेटात. मग यूपीएस टाळून थेट भिंतीत. मग कॅबिनेट उघडला. आत बघितलं तर धुळीचा गालिचा, आणि त्यावर वाळून तांबूस झालेली झेंडूची एक पाकळी. खंडेनवमीची. आमच्याकडं त्या दिवशी उद्यमबागेतल्या लेथपासून गल्लीतल्या स्कूटरपर्यंत सगळ्यांना हार असतो, मग कॉम्प्युटरनं काय घोडं मारलंय? हळदकुंकू वरच्या जाळीतून सरळ मदरबोर्डावर पडत असणार, एवढा विचार पूजेच्या वेळी कोण करतो. ब्रशनं सगळं झाडलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या, त्यांच्या सोनेरी कडांवरून शाळेतलं पांढरं खोडरबर फिरवलं, आणि परत बसवल्या. समोरचं बटणच खराब असेल म्हणून त्याच्या वायरी काढून बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. बऱ्याचदा दोष तिथंच असतो आणि लोक उगाच मदरबोर्ड बदलतात. माझ्या वेळी तसं नव्हतं. पाव गिरकीच.

शेवटी यू-पिनेचा प्रयोग केला. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा. त्याच्या चोवीस पिनांच्या जाड कनेक्टरात एकच हिरवी तार असते. ती शेजारच्या काळ्या तारेला जोडली, की एसएमपीएसला वाटतं बोर्डानं हाक मारली, आणि तो सुरू होतो. मी पिन लावली. एसएमपीएसचा पंखा भरभर फिरला. म्हणजे हा चांगला. म्हणजे बोर्ड गेला. २००९ सालचा बोर्ड आता कुठं मिळायचा? मी कपाळाला हात लावून बसलो आणि वडगावला अण्णांना फोन केला.

अण्णा म्हणजे माझे ह्या विद्येतले गुरू. बेळगावच्या वडगावात, मागांच्या गल्लीत, त्यांची नऊ बाय दहाची खोली आहे. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. घरची भाषा कन्नड, गल्लीची मराठी, रिपेरीची स्वतःची एक तिसरीच. त्यांच्याकडं मी तरुणपणी वर्षभर नुसता बसायला जायचो. त्यांनी मला शिकवलं असं काही नाही. मी सोल्डरिंगच्या धुरात बसलो, इतकंच.

मी म्हणालो, "अण्णा, कॉम्प्युटर चालू होईना झालाय."

"तडी, तडी," म्हणजे थांब, थांब, असं अण्णा म्हणाले. "चालता चालता मेला, की झोपला आणि उठेना?"

मी गप्प. हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

"झोपला आणि उठेना. तीन दिवस लाइट नव्हती."

"हं. पंखा?"

"पाव गिरकी फिरतोय आणि थांबतोय."

"बोर्डावरचा हिरवा दिवा?"

"लागलाय की."

"आवाज?"

"काहीच नाही."

"पडद्यावर काय हे विचारत नाही. तो लांबचा. एसएमपीएस तेवढा घेऊन ये. बाकीचं ओझं नको."

"एसएमपीएस चांगला आहे अण्णा, पिन लावून बघितलाय. पंखा फिरतोय त्याचा."

अण्णा हसले. "बैल गोठ्यात उभा राहतोय म्हणून चांगला म्हणतोस होय? औताला जुंपून बघितलास काय?"

'चालू होत नाही' ह्या तीन शब्दांखाली निदान पाच वेगवेगळी दुखणी झाकलेली असतात. काहीच हलत नाही, हे एक. हलतं आणि थांबतं, हे दुसरं. पंखा फिरत राहतो पण पडदा काळाच, हे तिसरं. पडद्यावर कंपनीचं नाव येतं आणि तिथंच अडतं, हे चौथं. विंडोजपर्यंत जातं आणि निळं होतं किंवा गोलगोल फिरत बसतं, हे पाचवं. पहिल्या दुखण्यातल्या माणसानं पाचव्याचं औषध करणं म्हणजे दाराला कुलूप असताना आतल्या माणसाला हाका मारणं. तरीही मी बघितलंय, काहीही न हलणाऱ्या मशीनसाठी लोक विंडोजची सीडी घेऊन येतात. एकानं अँटीव्हायरस विचारला होता.

खरं म्हणजे ह्या यंत्राला उठायला लागतं ते दिसतं त्यापेक्षा फार जास्त. कितीही तयारीचा डोंबारी असो, त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, असा एक दाखला आपल्याकडचे जुने शास्त्रकार देत. कॉम्प्युटरला नेमकं तेच करावं लागतं. प्रोग्रॅम चालवायला आधी प्रोग्रॅम चालू असावा लागतो. इंग्रजीत ह्यालाच बुटाच्या मागची पट्टी धरून स्वतःला उचलणं म्हणतात, आणि 'बूट होणं' हा शब्द तिथून आला. आमच्या दुकानातल्या एका शिकाऊ पोराला बरेच दिवस तो चपलेशी संबंधित वाटायचा. तर डोंबाऱ्याची सोय अशी केलेली असते, की बोर्डावरच्या एका चिपमध्ये थोडं लिखाण कायमचं कोरून ठेवलेलं असतं. वीज आली की एसएमपीएस आधी स्वतःचं तपासतो. बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट, पाच टक्क्यांच्या आत सगळे जागेवर आहेत का बघतो. सगळं स्थिर झालं की सेकंदाच्या एक-दशांश ते निम्म्या भागात तो एका करड्या तारेवरून बोर्डाला 'सगळं ठीक आहे' कळवतो. तोवर प्रोसेसरला उंबऱ्यावरच थांबवून ठेवलेलं असतं. निरोप आला, की तो एका ठरलेल्या पत्त्यावर जातो, कोरलेलं लिखाण वाचू लागतो, रॅम आहे का, पडदा आहे का, कीबोर्ड आहे का अशी हजेरी घेतो. मग डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांकडं वळतो. त्यातले शेवटचे दोन ५५ आणि एए असले, तर ही आपली माणसं म्हणून पुढचा कारभार त्यांच्यावर सोपवतो. हे सगळं आपण चहाचा पहिला घोट घेईपर्यंत. माझ्या मशीनमध्ये तो करड्या तारेवरचा निरोपच येत नव्हता. बाकीचे सगळे उंबऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी चार स्क्रू काढले, एसएमपीएस कापडी पिशवीत घातला, पिशवी प्लॅस्टिकात घातली, आणि बस पकडली. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग, तिसरं रेल्वे गेट. पावसात काचा बंद, आत सगळ्यांच्या ओल्या छत्र्या. शेजारच्या बाईंनी पिशवीतून लोंबणाऱ्या लाल-पिवळ्या तारा बघून पाय जरा आवरून घेतले.

वडगावात शिरलं की आधी मागांचा आवाज येतो, मग वडगाव. खडक-खडक, खडक-खडक, साड्या विणणारे पॉवरलूम. त्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गल्लीतले दिवे क्षणभर मान टाकतात. अण्णा म्हणतात, ह्या गल्लीत तीस वर्षं टिकलेला रेडिओ जगात कुठंही टिकेल.

त्यांनी आधी एसएमपीएस हातात घेऊन वास घेतला. मग नाकाशीच ठेवून माझ्याकडं बघितलं. "जळका नाही. म्हातारा." मग एक जुना बोर्ड काढून त्याला जोडला, म्हणजे औताला जुंपला, आणि मल्टिमीटरचं टोक जांभळ्या तारेवर टेकवलं.

ह्या जांभळ्या तारेबद्दल लोकांना माहीत नसतं. आपण कॉम्प्युटर 'बंद' करतो तेव्हा तो पूर्ण बंद होत नाही. वायर भिंतीत आहे तोवर जांभळ्या तारेवर पाच व्होल्ट सतत वाहत असतात. बोर्डावरचा हिरवा दिवा त्याच्यावरच लागतो आणि बटण दाबल्याचं कळतं तेही त्याच्याच जोरावर. देवघरातला लामणदिवा म्हणा. मीटरवर पाच यायला हवे होते. ४.३ आले. एवढ्यावर हिरवा दिवा लागतो, म्हणून मी फसलो होतो. पण बोर्डाला उठवायला तेवढं पुरत नव्हतं.

मग अण्णांनी एक काम केलं. बायकांचा केस वाळवायचा यंत्र असतो ना, तो काढला आणि एसएमपीएसच्या जाळीतून गरम वारा सोडला. मीटरवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढू लागला. ४.५. ४.७. ४.९. बोर्डाचा पंखा पाव गिरकी फिरला, अर्धी फिरला, आणि भर्रकन सुटला.

आमच्या भागात एक जुनी समजूत आहे. पावसाळ्यात कॉम्प्युटर उठेना झाला, की कॅबिनेट उघडून आत साठ वॉटचा बल्ब लावून ठेवायचा. 'दमट हवा बसलीय, वाळली की उठतो.' आणि तो उठतोही. मीही किती जणांना हे सांगितलंय. दमटपणानं काहीच होत नाही असं नाही. धुळीत ओल धरली की ती थोडीफार वीज वाहते आणि नको तिथं नको ते चावते. पण बल्बानं बहुतेक वेळा ओल वाळत नसते, म्हातारा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकसारखी सोडणारा भाग, ऊब धरत असतो. एसएमपीएसमधले ते लहान डब्यासारखे कॅपॅसिटर आत एका द्रवावर जगतात. वर्षानुवर्षं उष्णतेनं तो द्रव आटतो. दर दहा डिग्री तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ह्या धंद्यातला ठोकताळा आहे. आटलेला कॅपॅसिटर थंडीत अडून बसतो आणि गरम झाला की जेमतेम काम करतो. उपाय बरोबर, कारण चुकीचं. आपल्या आजीच्या बटव्यात अशी बरीच औषधं असतील.

आणि इथं मला अण्णांचा पहिला प्रश्न कळला. माझं मशीन मी रोज रात्री बंद करायचो, पण भिंतीतलं बटण कधीच बंद करायचो नाही. तो कॅपॅसिटर चोवीस तास जांभळ्या तारेच्या कामावर होता, स्वतःच्याच उबेत बसून. आटत चालला होता, पण थंड कधी पडलाच नव्हता, म्हणून बोभाटा नव्हता. तीन दिवस वीज गेली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो गार झाला. मशीन आषाढातल्या त्या दिवशी बिघडलं नव्हतं. ते कधी बिघडलं हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशी फक्त उघडकीला आलं. म्हणून 'चालता चालता मेला की उठेना'. चालता मेला असता तर अण्णांनी वेगळीकडं हात घातला असता.

अण्णांनी उघडला तेव्हा दोन कॅपॅसिटरांची डोकी किंचित फुगलेली दिसली. त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी चीर मुद्दाम दिलेली असते, दाब वाढला की तिथून फुटावं म्हणून. १९९९ ते २००७ च्या आसपास जगभर असे लाखो कॅपॅसिटर फुगून फुटले. आतला द्रवच निकृष्ट होता. त्या काळात अण्णांच्या टेबलावर अशा बोर्डांची चळत असायची, आणि मी त्यांना डोळे वटारलेले बोर्ड म्हणायचो. आमची बहुतेक रिपेरी तेव्हा डोकी मोजण्यावरच व्हायची.

(वाचणाऱ्यांपैकी कुणी हे वाचून एसएमपीएस उघडायला बसेल म्हणून सांगतो: बसू नका. वायर काढून ठेवली तरी आतल्या मोठ्या कॅपॅसिटरात तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून असतात. मी वर्षभर अण्णांच्या शेजारी बसलो आणि आजवर तो डबा स्वतः उघडलेला नाही. यात लाज नाही.)

दोन नवे कॅपॅसिटर बसले. १०५ डिग्रीचे, ८५चे स्वस्त मिळतात, ते अण्णा हातात घेत नाहीत. मीटरवर ५.०५. गार असताना. पंखा एका दमात. खर्च विचाराल तर दोन कॅपॅसिटरांचे मिळून एका कटिंग चहाइतके. अण्णा म्हणाले, "इरली, बिडो." म्हणजे असू दे, सोड. मी बळंच शंभराची नोट त्यांच्या मल्टिमीटरखाली सरकवली. ती त्यांनी दिसली नाही असं केलं.

निघताना त्यांनी विचारलं, "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात काय रे तुझ्याकडं?"

येतात. अनवाणी असलो की हमखास. गिऱ्हाइकं हात मागं घेतात आणि 'करंट मारतोय' म्हणतात.

"अर्धा करंट तो," अण्णा म्हणाले. एसएमपीएसच्या दारात विजेतली खरखर गाळायला दोन कॅपॅसिटर बसवलेले असतात, आणि त्यांचा मधला टाका कॅबिनेटला असतो. अर्थिंग चांगलं असेल तर ते जमिनीत निघून जातं. नसेल तर कॅबिनेटवर २३० च्या निम्मे, म्हणजे शे-सव्वाशे व्होल्ट बसून राहतात. जोर नसतो त्यांच्यात, माणूस मरत नाही, पण बोर्डाला ते बरं नव्हे. माझ्या दुकानाचं अर्थिंग कधीकाळी घरमालकानं मीठ आणि कोळसा घालून पुरलं होतं म्हणे. कुठं पुरलं ते त्यालाही आठवत नाही. तुळशीच्या आसपास असावं, असं त्याच्या बायकोचं मत आहे.

जाताना अण्णांनी मला करंगळीच्या नखाएवढा काळा गोल स्पीकर दिला, जुन्या कॅबिनेटातून काढलेला, चार पिनांचा. "हल्लीच्या डब्यांत हा घालत नाहीत. पाच रुपये वाचवतात. मग मशीन बोलणार कशानं? मुकं लेकरू दवाखान्यात आणल्यासारखं होतं."

दुकानात आलो, एसएमपीएस बसवला, वायर लावली, बटण दाबलं. पंखा सुटला. आणि पडदा काळा.

म्हणजे दुसरं दुखणं गेलं आणि तिसरं हजर. मी तो स्पीकर लावला आणि परत दाबलं. लांब शिट्टी. थांबून परत लांब शिट्टी. परत. दर कंपनीच्या शिट्ट्यांची भाषा वेगळी असते. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे बऱ्याच बोर्डांवर पडद्याच्या कार्डाची तक्रार, आणि अशी एकसारखी लांब-लांब ओरड बहुधा रॅमची. मी कॅबिनेट उघडला. रॅमची एक पट्टी एका बाजूनं खाचेत नीट बसलेलीच नव्हती, तिची पांढरी कडी अर्धवट उघडी. आणि तिला खोडरबर लावून परत बसवणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणजे हा आजार मी स्वतः घातलेला. मूळ दुखणं शोधायच्या नादात रिपेरीवाला नवीन दुखणं घालून ठेवतो, ह्याचं प्रमाण किती असेल कुणास ठाऊक. मी तरी ते अण्णांना सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

पट्टी दाबली. दोन्ही कड्या 'टक' करून मिटल्या. बटण. एकच आखूड 'टुक'.

हा 'टुक' म्हणजे हजेरी पुरी झाल्याची सही. मागं मंडळाचा एक पोरगा बसला होता, पावसाला टेकून मोबाइल बघत. त्यानं मान वर केली. "चालू झाला काय, काका?"

"होय की."

खरं पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तक्रार आलीच: सेटिंग विसरलोय, तारीख-वेळ विसरलोय, पुढं जायचं तर एफ-१ दाबा. बोर्डावर रुपयाएवढा एक सेल असतो, २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं आणि सेटिंग लक्षात ठेवणं एवढंच त्याचं काम. वायर भिंतीत असताना घड्याळाला ती जांभळी तारच पोसते, सेल नुसता बसून असतो. तोही केव्हाच संपलेला होता आणि तेही कुणाला कळलेलं नव्हतं. त्याच आडोशाला बसलेला दुसरा म्हातारा. तीन दिवसांच्या काळोखात दोघांचंही पितळ एकदम उघडं पडलं. मशीनच्या मते आज १ जानेवारी २००९ होती.

सेल बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडं मिळतो, पण त्याचं शटर पावसानं खाली होतं. तारीख मग घालू म्हणून मी एफ-१ दाबलं. जुनी विंडोज उठली, मागच्या पोर्टातलं लॉक तिला दिसलं, आणि पावती पुस्तकाची फाइल उघडली. गजाननाचं चित्र, त्याखाली मराठीत मंडळाचं नाव, त्याखाली कन्नडमध्ये, 'श्रीयुत' पुढं टिंबं, 'रुपये अक्षरी' पुढं टिंबं. साल बदललं. अध्यक्षाचं नाव बदललं. खजिनदार तोच, तो बदलत नाही. प्रूफ काढलं आणि पोराच्या हातात दिलं.

त्यानं नाव वाचलं. कानडीतलं नाव मोठ्यानं वाचलं, कारण त्याला दोन्ही येतं. मग कागद डोळ्यांजवळ नेला. प्रूफच्या तळाशी मशीन आपणहून बारीक अक्षरांत तारीख छापतं, ते मी पार विसरलो होतो.

"काका," तो म्हणाला, "ह्या दिवशी आमचा अध्यक्ष बालवाडीत होता की."